मेडिकलला गेलेले भाऊ

बीबीच्या स्टँडवर उतरून "डॉक्टरसाहेब कुठं भेटतील?" असं विचारा. समोरच्यानं "कोणते?" म्हटलं तर तो तुम्हाला खऱ्या डॉक्टरकडे पाठवणार. काहीच न विचारता त्यानं औषधाच्या दुकानाकडे बोट केलं, तर समजा, तुमची गाठ भाऊंशी आहे.

भाऊ मेडिकलला जाणार होते. गेलेही. 1987 ला बारावी झाले, डी. फार्म. केलं, स्वतःचं मेडिकल टाकलं आणि आता रोज सकाळी नऊला मेडिकलला जातात. हा विनोद त्यांच्या घरी करायला बंदी आहे.

तेव्हा सीईटी नव्हती, नीट तर नव्हतीच. बारावीचे फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी. त्या तीन आकड्यांवर माणूस डॉक्टर व्हायचा किंवा राहायचा. दहावीपासून पहिला नंबर न सोडलेल्या भाऊंना ऐन शेवटी फिजिक्सनं दगा दिला. लोणारला उल्केनं पाडलेला खड्डा पाहायला लोक परदेशातून येतात. फिजिक्सनं पाडलेला हा खड्डा क्रोसिन घ्यायला आलेल्या प्रत्येकाला घरबसल्या दाखवला जातो.

किती मार्कांनी हुकलं? मी शाळेत होतो तेव्हा अकरानं. माझ्या लग्नाच्या पंगतीत ते पाचवर आलं होतं. परवा म्हणाले, "अर्ध्या मार्कानं, लेका!" अजून दोन-तीन वर्षांत भाऊंची ॲडमिशन होऊन जाईल, असा माझा अंदाज आहे.

पण नियमांत त्यांचा हात धरणारा तालुक्यात नाही. 2024 चा बारावीचा निकाल लागला आणि एक बाप पोराला घेऊन दुकानात आला. फिजिक्सला 41. पोरगं मान वर करेना.

"याचं मेडिकल गेलं काय, भाऊ?"

"काहून जाईन?" भाऊंनी बिलाच्या पाठीवर बेरीज मांडली. 41, 52 आणि 66. झाले 159. "तिन्ही मिळून तीनशेपैकी दीडशे लागतात, ओपनलाही. राखीवला एकशेवीस. तिन्हीत आणि इंग्रजीत पास पायजे, बस. बाकी सारं नीटच्या सातशेवीसवर. मार्क सारखे पडले तर आधी नीटमधलं बायॉलॉजी पाहतात, बारावीचं फिजिक्स कोणी इचारत नाही!"

शेवटचं वाक्य त्यांनी जरा जोरातच म्हटलं. कोणाला ऐकवलं, कोण जाणे.

पोराचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे रिपीट करता येईल, काका?"

"कितीबी डाव. वयाची वरची अटही 2022 मध्ये काढली."

"मग तुम्हीच का नाही भरत फॉर्म?"

बापानं पोराला चिमटा काढला. भाऊ बिलाकडे पाहत राहिले, आणि त्या दिवशी त्यांनी एका म्हातारीला खोकल्याच्या औषधाऐवजी जुलाबाचं दिलं. ती दारातूनच परत आली म्हणून निभावलं.

ऑक्टोबर 2024 मध्ये बुलढाण्यातच सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, शंभर जागांचं. तेव्हापासून भाऊंच्या गल्ल्याखाली एक जाड पुस्तक असतं. गिऱ्हाईक आलं की ते त्यावर वर्तमानपत्र पसरतात.

आदल्या दिवाळीतही बंद नसलेलं हे दुकान 4 मे 2025 च्या रविवारी, नीटच्या दिवशी, दिवसभर बंद होतं.