दुकानात न मिळणारा लाल

बाभळीचं आणि ट्रकचं जुनं वैर असावं. एरवी ती बांधावर निमूट उभी असते. पण आमची टाटा चारशेसात टोमॅटोचे क्रेट भरून नारायणगावच्या बाजाराला निघाली, की अरुंद रस्त्यात हात लांब करून तिच्या कुशीवर एक रेघ ओढतेच. १९८६ पासून रस्त्यावर असलेली ही जात, असल्या रेघांना कुठली भिणार! गाडी धाकटा भाऊ चालवतो, त्यालाही त्यांचं काही नाही. “दादा, चालत्या गाडीला ओरखडा यायचाच,” म्हणतो आणि चहाला जातो. मी मात्र रविवारी दुपारी बादली, साबण आणि वॉटर पेपर घेऊन तिच्याशेजारी पाट टाकून बसतो. काही माणसं नदीकाठी गळ टाकून बसतात, त्यातलाच हा प्रकार. मासा लागलाच पाहिजे असं त्यांचंही काही नसतं.

ओरखडा आधी नीट वाचावा लागतो. ओलं बोट फिरवल्यावर रेघ दिसेनाशी झाली, तर दुखणं वरवरचं. कंपाउंड लावून मऊ फडक्यानं चोळलं की भागतं. नख अडकलं, तर प्रकरण खोल. आत राखाडी दिसला तर तो प्रायमर, आणि तांबूस भुगा दिसला तर गंज. मग पॉलिश पेपरनं लख्ख पत्रा लागेपर्यंत घासायचं, म्हणजे नखाएवढ्या डागासाठी तळहाताएवढी जागा उघडी पाडायची. बरं करायला आधी इतकं बिघडवावं लागतं, हे दंतवैद्यानं सांगितलं तेव्हा मला पटलं नव्हतं. इथे मात्र मी स्वतःच ते बिनदिक्कत करतो. त्यावर रेड ऑक्साइड, त्यावर पुट्टी, आणि ती वाळली की पाणी मारत पुन्हा वॉटर पेपर. राखाडी ओघळ मनगटावरून कोपरापर्यंत येतो. घासता घासता एक क्षण असा येतो, की पत्रा कुठे संपला आणि पुट्टी कुठे सुरू झाली ते बोटांना कळेनासं होतं. या कामातलं सगळं सुख त्या क्षणात आहे. तिथे डोळे मिटावेत. बोटं जास्त खरं सांगतात.

खरी पंचाईत पुढे आहे. रंगाच्या दुकानात जाऊन ‘लाल द्या’ म्हटलं, की दुकानदार शेडकार्ड पसरून विचारतो, “कुठला?” आता काय सांगावं? दाराच्या बिजागरीपाशी, ऊन पोचत नाही तिथे, गाडी अजून नव्या नवरीसारखी लाल आहे. उजव्या कुशीवर तोच रंग विटकरी झालाय, आणि डावीकडे, जिकडे दुपार तळपते, तिकडे तो कोकम सरबतात पाणी जास्त पडावं तसा फिकटलाय. हा लाल कुठल्याच कारखान्यात होत नाही. तो वर्षानुवर्षं उन्हात उभं राहूनच होतो. त्यामुळे मी कितीही पातळ हात मारले, तरी ठिगळ लांबूनच ओळखू येतं. ओरखडा एक वेळ दिसला नसता, दुरुस्ती हमखास दिसते.

ट्रकच्या रंगाचा विचार सरकारनंही हळवेपणानं केलाय. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत नॅशनल परमिटच्या मालट्रकांना ‘वाळक्या पानाचा तपकिरी’ रंग सांगितला होता. कोण्या कारकुनाला फाईल चाळताना खिडकीतून पानगळ दिसली असेल, देव जाणे. आमच्या नारायणगावाला रंगांचं तसंही वेड. तमाशाची पंढरी ती. लहानपणी मी फडाच्या गाड्या रंगवणाऱ्या पेंटरमामांपाशी तासन्‌तास उभा राहायचो. फाळक्यावरच्या मोराचा डोळा ते सगळ्यात शेवटी काढायचे, आणि त्याआधी बिडी पेटवायचे. मोर तेवढा वेळ आंधळाच थांबायचा.

आमच्या फाळक्यावर मोर नाही, ‘हॉर्न ओके प्लीज’ आहे. २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन विभागानं या ओळीवर बंदी घातली, का तर लोक उगाच हॉर्न वाजवतात. आमच्या ‘ओके’वरून नेमका क्रेटचा ओरखडा गेलाय. तो बुजवायचा, तर बंदी असलेलं अक्षर स्वतःच्या हातानं पुन्हा गिरवायचं; नाही बुजवायचा, तर गंज धरणार. तूर्त तिथे रेड ऑक्साइडचा एक हात मारून ठेवलाय. गाडी आता हॉर्नची विनंती करते, पण सगळं ठीक असल्याची ग्वाही देत नाही. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं.

पासिंगच्या आधी अख्खी गाडी गनवर रंगवून घेऊ, असं भाऊ म्हणतो. घेऊ की. तोवर माझी ठिगळं राहू देत. तुम्हालाही हा नाद लागला, तर एवढं ऐका: पावसाळ्यात रंगाचा डबा उघडू नका. दमट हवेत लॅकरच्या रंगावर पांढुरकी झाक येते, आणि सगळं पुन्हा घासावं लागतं.