२८ तारखेच्या रात्री भाडं वाढवणाऱ्या घरमालक काकांना खुलं पत्र

मा. घरमालक काका,


पत्रास कारण की, तुमचा निरोप मिळाला. २८ डिसेंबरला, रात्री पावणेअकरा वाजता, व्हॉट्सअ‍ॅपवर. ‘जानेवारीपासून भाडं २५ हजार. जमत नसेल तर फ्लॅट खाली करा.’ आणि खाली हात जोडलेली इमोजी. २२ हजारांचे २५ हजार करायला तुम्हाला दोन वाक्यं पुरली आणि आम्हाला तुम्ही तीन दिवस दिलेत. हात जोडल्याने धमकीची विनंती होत नाही काका. हे पत्र तुम्हाला एकट्याला न पाठवता सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण पुण्यात असे निरोप पाठवणारे तुम्ही एकटे नाही.

आधी करार काढा. तुमच्या कपाटात नसेल तर माझ्याकडे प्रत आहे. लीव्ह अँड लायसन्स, ११ महिने, १ ऑगस्ट ते ३० जून. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन तुमच्या हॉलमध्ये बसला होता, आपण दोघांनी अंगठे लावले, फोटो काढले, ऑनलाइन नोंदणी झाली. त्यात दरमहा किती रुपये द्यायचे हे आकड्यात आणि अक्षरांत लिहिलं आहे. मुदतीच्या मध्येच भाडं वाढेल, असं एकही कलम त्यात नाही. मग पाचव्या महिन्याच्या शेवटी हा आकडा कुठून आला? ‘बाजूच्या विंगला २६ जातंय,’ असं तुम्ही फोनवर सांगितलंत. बाजूच्या विंगचा करार बाजूच्या विंगमधल्यांनी केलाय. मी तुमच्याशी केला आहे.

त्याच करारात माझ्यासाठी काय काय लिहून घेतलंत, तेही वाचा. घर सोडायचं तर एक महिना आधी लेखी कळवायचं. भिंतीला खिळा ठोकायचा तर लेखी परवानगी घ्यायची. पाहुणा जास्त दिवस राहणार असेल तर कळवायचं. दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत भाडं जमा करायचं. एका खिळ्यासाठी मला तुमची लेखी परवानगी लागते आणि माझ्या घराचं महिन्याचं गणित मोडायला तुम्हाला कागदाचा कपटाही लागत नाही! शिस्त दोघांना सारखी हवी. नसेल तर तो करार कसला?

कायदाही समजून घ्या, तुमच्याच फायद्याचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चा. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. जुन्या, नियंत्रित भाड्याच्या घरांना त्यात वर्षाला ४ टक्के वाढीची तरतूद आहे. आपल्यासारख्यांच्या लीव्ह अँड लायसन्सच्या घराचं भाडं मात्र करारात ठरतं आणि करारातच बदलतं. त्याच कायद्याच्या ५५व्या कलमाने करार लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं केलं आहे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. कागद नसेल तर करारातल्या अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं ठरवायचं तर पुरावा घरमालकाने द्यायचा. आणि २४वं कलम तुमच्या बाजूचं आहे: मुदत संपल्यावर मी घर अडवून बसले, तर दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागेल. कायदा इतका भक्कम तुमच्या पाठीशी असताना रात्री पावणेअकराला धमकी द्यायची गरज का पडावी?

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरू कायद्याच्या मसुद्याला मंजुरी दिली. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, पण त्यातला शहाणपणा घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. भाडं वाढवायचं तर तीन महिने आधी लेखी नोटीस द्यावी, असं तो सांगतो. तुम्ही तीन दिवस दिलेत. तीन हा आकडा तेवढा बरोबर आलाय.

भाडंवाढच नको, असं मी म्हणत नाही. सोसायटीचा मेंटेनन्स वाढला, मालमत्ता कर वाढला, तुमच्या कर्जाचा हप्ता चालू आहे. घर तुमचं आहे, नव्या करारात नवा आकडा मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तो मागायची रीत असते, आणि ती न पाळल्याने काय होतं ते तुम्हाला दिसत नाही, म्हणून सांगते. माझी मुलगी दहावीत आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. जानेवारीत घर बदलायचं म्हणजे एजंटला एक महिन्याचं भाडं, नवं डिपॉझिट, टेम्पो, नव्या सोसायटीचा शिफ्टिंग चार्ज, गॅसचा पत्ता बदलायचा आणि पोरीच्या अभ्यासाचं टेबल कुठे लावायचं हा प्रश्न. शिवाय आमचं डिपॉझिट तुमच्याकडे अडकलेलं. हे सगळं तुम्हाला ठाऊक होतं. ‘आता कुठे जातील’ हा हिशेब करूनच तुम्ही डिसेंबर निवडलात. ही अडवणूक आहे, आणि तिला मी दुसरं नाव देणार नाही.

लिहायचा कंटाळा येत असेल, तर नमुना मीच देते. तारीख घालून सही करा, एवढंच:

‘आपला करार ३० जून रोजी संपत आहे. त्यानंतर घर पुढे ठेवायचं असल्यास १ जुलैपासून भाडं दरमहा अमुक रुपये राहील. सध्याचं भाडं २२,००० रुपये. वाढीचं कारण: मेंटेनन्स आणि मालमत्ता करातली वाढ. डिपॉझिट तेवढंच राहील. आपला निर्णय ३० एप्रिलपर्यंत लेखी कळवावा. आकड्याबद्दल बोलायचं असल्यास रविवारी सकाळी घरी या.’

सात वाक्यं आहेत. जुना आकडा, नवा आकडा, कधीपासून, कशासाठी, उत्तर कधीपर्यंत आणि बोलायला जागा. हे मार्चअखेर हातात मिळालं, तर आम्हाला घर शोधायला वेळ मिळेल आणि आम्ही गेलो तर तुम्हालाही नवा भाडेकरू शोधायला. व्हॉट्सअ‍ॅपवर जरूर पाठवा, पण सही केलेल्या कागदाचा फोटो काढून पाठवा आणि मूळ कागद हातात द्या. माझ्याकडून पोच घ्या. आकडा ठरला की नवा करार करून नोंदवा.

तोपर्यंत ५ जानेवारीला तुमच्या खात्यात २२,००० रुपये जमा होतील, करारात लिहिल्याप्रमाणे. फेब्रुवारीतही तेवढेच आणि जूनपर्यंत तेवढेच.

पुण्यामुंबईतल्या आणि बाकी शहरांतल्या भाडेकरूंनाही एक सांगायचं आहे. असा निरोप आला की घाबरून ‘बरं काका’ लिहू नका. आधी करार काढून वाढीचं कलम शोधा. ते नसेल तर तसं लेखी कळवा आणि ठरलेलं भाडं ठरलेल्या तारखेला, बँकेतूनच भरा. पुढचा करार करताना वाढ किती, कधी आणि किती दिवस आधी कळवायची, हे कलम लिहून घेतल्याशिवाय अंगठा लावू नका.

कळावे,
३० जूनपर्यंत तुमच्या घरात हक्काने राहणारी
तुमची भाडेकरू