हयातीचा दाखला आणि अडीच गुंठे

लेस्टर, इंग्लंड
नोव्हेंबरचा पहिला आठवडा

चि. बाळू,

एकट्या राहणाऱ्या निवृत्त बाईबद्दल आपल्या मुडशिंगीत दोन मतं आहेत. पहिलं, 'बिचारी, कसं होत असेल तिचं.' दुसरं, 'तिला काय, सगळा दिवस तिचाच.' तुझ्या पत्रांत ही दोन्ही मतं एकाच पानावर सुखानं नांदतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. हे खुशालीचं पत्र समजू नकोस, दावा समज, आणि उलटतपासणी पुढच्या पत्रात कर. सुमनला मात्र वाचून दाखव, कारण तिचं डोकं तुझ्यापेक्षा बरं चालतं.

माझं म्हणणं असं की घरात एकटं असणं ही मूळ अडचणच नव्हे. या देशात २०२३ साली सुमारे ८४ लाख माणसं एकटी राहत होती, आणि त्यांतली जवळपास निम्मी पासष्टी ओलांडलेली. आपल्या देशात साठीपुढच्या शंभरांत अशी सहाच्या आसपास निघतात. डोकी मोजून एकटेपण ठरत असतं तर हा अख्खा देश उशीत तोंड खुपसून पडला असता. प्रत्यक्षात तो हवामानाला नावं ठेवण्यात मजेत असतो. पीटर टाउनसेंड नावाच्या समाजशास्त्रज्ञानं पूर्व लंडनच्या बेथनल ग्रीन वस्तीत दोनशेच्या वर म्हाताऱ्यांच्या मुलाखती घेऊन १९५७ साली पुस्तक लिहिलं. त्याला असं दिसलं की ज्यांना माणसं कमी भेटतात तेच एकाकी असतात असं नाही. जास्त एकाकी असतात ते ज्यांचं जवळचं माणूस नुकतंच गेलंय. यावर माझी पुस्ती अशी, की गेलेलं माणूस म्हणजे नुसती सोबत गेली असं नव्हे. आपल्यावाचून ज्याचं अडत होतं, असं कुणीतरी गेलं. काळजी करणारी माणसं पुष्कळ मिळतात, आणि पोस्टानंसुद्धा मिळतात, हे तू दाखवून दिलंच आहेस. आपल्यावाचून ज्याचं अडतं, असा माणूस मिळवणं अवघड.

पुरावा बघ. जानेवारी २०१८ मध्ये इथल्या सरकारनं एकाकीपणासाठी चक्क एक मंत्री नेमली, ट्रेसी क्राउच. बाईंनी त्याच वर्षी नोव्हेंबरात राजीनामा दिला. कारण जुगाराच्या यंत्रांबद्दलचं धोरण होतं, तरी एकाकी लोकांना वाटलंच असेल की घ्या, हीसुद्धा गेली. नेदरलँड्समध्ये जम्बो नावाच्या दुकानांच्या साखळीनं २०१९ साली गप्पा मारायचा वेगळा गल्ला काढला. घाई नसलेल्यांनी तिथं रांग लावायची आणि बोलत बोलत पैसे द्यायचे. आपल्या शेजारच्या गांधीनगरात कापडाच्या दुकानात गप्पांशिवाय व्यवहार होऊन दाखवावा, पण ते असो. जपानात झोजिरुशी कंपनीनं २००१ साली पाणी तापवायचं असं भांडं आणलं, की म्हाताऱ्यानं चहाला पाणी घेतलं की त्याची वर्दी दूर राहणाऱ्या लेकराला जाते. कल्पना हुशारीची, पण त्या लेकराला चहा मिळत नाही, आणि म्हाताऱ्याला कुणी 'साखर कमी घाल' म्हणत नाही. या सगळ्यांत काळजी आहे आणि पैसाही ओतलाय. फक्त म्हातारं माणूस त्या दिवशी नसेल तर कुणाचं काही अडत नाही.

आता गावातली दूध संस्था घे. १९६३ साली गोकुळ दूध संघ निघाला तेव्हा म्हाताऱ्यांची देखभाल कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. दुधाला दर मिळावा एवढाच हिशेब होता. पण म्हैस रविवार पाळत नाही, त्यामुळं सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन डेअरीत जावंच लागतं, आणि तिथं नावापुढं लिटर आणि फॅट मांडावे लागतात. दोन वेळा रकाना रिकामा राहिला की सचिव कुणाला तरी विचारतोच, 'म्हातारी आली नाही काय रं?' त्याला म्हातारीचा कळवळा असेलही, पण विचारतो तो संकलन कमी पडलं म्हणून. हे मला सगळ्यांत विश्वासाचं वाटतं, कारण कळवळा आठ दिवसांत पातळ होतो आणि धंदा होत नाही. जपानातली याकुल्ट विकणारी बाई याच जातीची. १९७२ साली फुकुशिमा प्रांतातल्या कोरियामा शहरात अशा एका विक्रेतीनं, तिच्या भागात कुणी म्हातारं एकटंच मेल्याचं ऐकून, स्वतःच्या खर्चानं बाटल्या वाटायला सुरुवात केली, आणि पुढं त्यातून म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन विचारपूस करायची रीतच पडली. तिच्यात कळवळाही होता हे मान्य. पण तो टिकला, कारण फेरी रोज घालायचीच होती.

माझी दूध संस्था म्हणजे इथली अलॉटमेंट. नगरपालिका भाजी पिकवायला भाड्यानं जमिनीचा तुकडा देते. १९०८ च्या कायद्यापासून हे पक्कं झालंय. जुन्या मापानं पूर्ण तुकडा भरतो अडीच गुंठे. हसू नकोस, इथं एवढ्यावर माणसं शेतीच्या गप्पा मारतात आणि सात-बारा असल्यासारखी ऐट करतात. पण खुबी पुढंच आहे. तुकड्यासाठी मागं लोक रांगेत उभे असतात, म्हणून तण माजलं की नोटीस येते, आणि माझं तण शेजाऱ्याच्या वाफ्यात जातं म्हणून तो नोटिशीच्या आधीच कुंपणावरून डोकावतो. पेन्शनवाल्या कचेरीला नोव्हेंबरात एकदा माझी हयात पुरते. त्या शेजाऱ्याला मेथी खुरपायच्या दिवसांत ती दर आठवड्याला लागते. तुला २०१४ पासून जीवन प्रमाण मिळालं, घरबसल्या हयातीचा दाखला निघतो, म्हणून तू खूश आहेस. मला ती सोय नुकसानीची वाटते. बँकेत जाऊन उभं राहण्यात चार ओळखीचे भेटायचे आणि कोण गेलं, कोण राहिलं हे कळायचं.

यावर तुझे आक्षेप मला पाठ आहेत. गावात माणसं विचारतात तसं इथं कोण विचारतं? खरंय, आणि गावातलं विचारणं मला हवंय की नको याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही. विधवा बाईच्या उंबऱ्यावर नवा चपलांचा जोड दिसला की आपल्या गल्लीत जी चौकशी होते ती प्रेमाची नसते, हे सुमन तुला समजावून सांगेल. म्हणून तर मी डेअरीच्या रजिस्टरची बाजू घेते. रजिस्टरला फॅट कळतो, चारित्र्य कळत नाही. दुसरा आक्षेप व्हॉट्सॲपचा. तुझा गुलाबाच्या फुलासकट 'शुभ सकाळ' रोज येतो, आणि त्यावरून तू आहेस एवढं कळतं. पण तोच गुलाब एकाच वेळी तू सव्वाशे जणांना पाठवतोस, तेव्हा त्यांतल्या एकीनं उत्तर दिलं नाही तर तुझं काय अडतं?

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: गुडघे गेले, खुरपं सुटलं, मग? मग माझा अर्धा दावा पडतो, कबूल. उरलेला अर्धा पार्सलवर उभा आहे. इथं गल्लीतली सगळी माणसं दिवसभर कामावर असतात आणि सगळ्यांचं सामान दुपारी येतं. अशा वेळी पोचवणारा पोऱ्या घंटी वाजवतो ती घरात कायम असणाऱ्या म्हातारीची. बुटांचे खोके, पडदे, कुत्र्याचं खाणं, सगळं तिच्या पॅसेजमध्ये, आणि संध्याकाळी एकेक जण न्यायला येतो. नुसतं घरात असणं हीसुद्धा या जगात सेवा आहे. आपल्याकडंही शेजारच्या किल्ल्या ठेवायला म्हातारीच लागते, आणि किल्लीच्या निमित्तानं दिवसातून दोनदा दार उघडतं. अंथरूण धरल्यावर काय, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. आणि अंथरूण धरल्यावर भरल्या घरातसुद्धा खोलीत कोण किती वेळ टेकतं, हे तूही बघितलंयस.

राहता राहिली तुझी मागणी. 'आक्का, कायमची ये, वरची खोली रंगवून ठेवलीय, तुला इकडची काडी तिकडं करावी लागणार नाही,' असं तू लिहितोस. बाळू, या वाक्याचा शेवट बदल. रंग राहू दे, पण काडी माझ्याकडं ठेव. दुसरं म्हणजे म्हैस विकायचं डोक्यातून काढ. तुझी दोन्ही पोरं पुण्यात, उद्या तुझ्यावाचूनही कुणाचं तरी अडायला हवंच की. ती मोठी, मारकी नसलेली म्हैस राहू दे. संस्थेत तिचं दूध माझ्या नावानं घालायचं, बिल माझ्या हातात, दिवाळीचा दरफरकही माझाच, आणि फॅट कमी लागला तर सचिवाशी भांडायला मी जाणार, तू मध्ये पडायचं नाही. एवढं सुमनसमोर कबूल करून कळव, म्हणजे मी इथल्या नगरपालिकेला अडीच गुंठे परत करते. पण उन्हाळ्याच्या आत नको, लसूण लावलाय.

तुझी,
आक्का