रक्तदान शिबिराचा प्रमुख

विश्रांतवाडीत मला पाहून लोक गल्ली बदलतात. मी विमा विकत नाही, उसने पैसेही मागत नाही. मी रक्त मागतो. मंडळाने मला शिबिरप्रमुख केलं, कारण माझा आवाज मोठा आणि उद्योग कमी.

शिबिर ठरलं १४ एप्रिलला, आंबेडकर जयंतीला. धानोरीपासून टिंगरेनगरपर्यंत एक जिना सोडला नाही. जिममधली पोरं गाठली, तर त्यांनी ताजे टॅटू दाखवले. टॅटूनंतर वर्षभर रक्त घेत नाहीत. रक्ताचे पैसे द्यायला १ जानेवारी १९९८ पासून बंदी, म्हणून मी भेट म्हणून डबा ठेवला. मग काय, रांगच रांग! एक वहिनी तर झाकण घट्ट बसतंय ना, हे बघूनच खाटेवर आडव्या झाल्या. मी माइकवरून जाहीर केलं, ‘‘आता तुटवडा विसरा!’’

मे संपत आला. कॉलेजं बंद, अर्धी वस्ती गावाला. ओळखीतल्या एकांच्या ऑपरेशनला रक्त हवं होतं. मी ऐटीत यादी काढून फोन लावले.

‘‘काका, नव्वद दिवस कुठे झालेत?’’

सगळ्यांचं हेच. पुरुष मोकळे होणार १३ जुलैला. बायकांना १२० दिवस, म्हणजे वहिनी थेट १२ ऑगस्टला. आणि एप्रिलमध्ये जमवलेलं रक्त? लाल पेशी टिकतात ३५ ते ४२ दिवस, प्लेटलेट जेमतेम पाच. तुटवडा विसरायला लावणाऱ्याने सगळे रक्तदाते एकाच दिवसात संपवले होते.

पात्र उरला एकच माणूस : मी. शिबिरात माइक धरायचा असल्याने मी रक्त कधी दिलंच नव्हतं. रक्तपेढीत काट्यावर उभा राहिलो. किमान ४५ किलो लागतात; माझ्या वजनाकडे आयुष्यात प्रथमच कुणी समाधानाने पाहिलं. हिमोग्लोबिनही साडेबाराच्या वर. बीपी मात्र चढलेलं.

‘‘घाबरलात का?’’ सिस्टरनी विचारलं.

‘‘छे! मी शिबिरप्रमुख आहे.’’

‘‘मग अर्धा तास बसा.’’

पिशवी भरायला पुढे दहा मिनिटंही लागली नाहीत. डबा मिळाला नाही, बिस्किटं मिळाली.

तेव्हा मंडळी, एक विनंती. जयंतीला जरूर या, पण निम्मेच. बाकीच्यांनी मे महिन्यात या, आणि दिलंत त्याच दिवशी पुढची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. डबा नसला तरी या. आणि कुठल्याही शिबिरात माइक धरलेला माणूस दिसला, तर त्याने स्वतः रक्त दिलंय का, हे आधी विचारा.