क्वांटमवाल्याचा पाव

क्वांटम संगणकावर संशोधन करणाऱ्या माणसाने समाजमाध्यमावर काय टाकावं, याबद्दल आपली मतं ठाम आहेत. त्याने फक्त क्वांटम टाकावं. ते आपण वाचणार नाही, हा भाग वेगळा.

परवा अशाच एका तरुण संशोधकाच्या खात्यावर चक्कर मारली. नाव-गाव सांगत नाही; बिचाऱ्याचं पोट अनुदानावर आहे. सोमवारी घरी भाजलेल्या पावाचा आडवा छेद, आतली जाळी नीट दिसेल असा. मंगळवारी ढगात हरवलेला राजगडाचा बालेकिल्ला. बुधवारी कुमार गंधर्वांच्या निर्गुणी भजनांवर लांबलचक मजकूर. गुरुवारी मांजर, आणि तिच्याखाली श्रोडिंजरचा तोच तो विनोद आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं समजणारी मंडळी. शुक्रवारी स्वतःचा शोधनिबंध. पावावर लाइकांचा पाऊस. निबंधाला मोजून चार, त्यातला एक आईचा. खाली काकांची प्रतिक्रिया : ‘अभिनंदन बाळा! माझा लॅपटॉप फार स्लो झालाय. रविवारी येतोस का?’

यावर जागरूक नागरिक भडकले. सरकारने २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम अभियानाला ६,००३ कोटी ६५ लाख रुपये मंजूर केले, ते काय पाव भाजायला?

आता त्याची बाजू. क्वांटम संगणकाचे बिट, म्हणजे क्युबिट, अतिवाहक जातीचे असतील आणि चालायचे असतील तर चिप उणे २७३ अंशांच्या अगदी उंबरठ्यावर न्यावी लागते. अवकाशाच्या पोकळीतही इतकी थंडी नसते. ही तिच्याहून शंभरपट जास्त. क्वांटम संगणकाच्या फोटोत दिसणारं ते सोनेरी झुंबर म्हणजे संगणक नव्हेच, बहुतेक सगळा फ्रीज आणि वायरिंग. चिप तळाशी, नखाएवढी. हा फ्रीज एकदा उघडला की पुन्हा थंड व्हायला दिवस-दोन दिवस सहज जातात. तेवढ्या वेळात माणसाने काय करावं? पीठ फुगायलाही वेळ लागतोच. दोन्ही कामं शेजारी शेजारी उरकतात.

शिवाय घराणंच तसं आहे. पदार्थविज्ञानाची नक्कल करायला क्वांटम यंत्रच हवं, हे १९८१ मध्ये ठासून सांगणारे रिचर्ड फाइनमन बोंगो वाजवायचे, चित्रं काढायचे, आणि लॉस अलामॉसला अणुबॉम्बच्या कामावर असताना सहकाऱ्यांच्या तिजोऱ्या उघडून दाखवायचे. तेव्हा इन्स्टाग्राम नव्हतं, म्हणून देशाचं गुपित वाचलं. मायकेल नील्सन यांनी आयझॅक चुआंग यांच्याबरोबर २००० साली या विषयाचं पाठ्यपुस्तक लिहिलं. आजही विद्यार्थी त्यावरच घाम गाळतात. नील्सन मात्र पुढे खुल्या विज्ञानाकडे वळले, मग न्यूरल नेटवर्ककडे, मग स्मरणशक्ती पक्की करण्याच्या तंत्राकडे. आपल्याकडे असतं तर नातेवाइकांनी ‘एका जागी टिकत नाही’ म्हणून स्थळ परत पाठवलं असतं.

गंमत पुढेच आहे. क्वांटमवाला पावावर बोलतो, आणि क्वांटमवर उरलेला सगळा गाव बोलतो. पेंडंट विकणारा बोलतो, पाण्याची बाटली विकणारा बोलतो, ‘मनाची क्वांटम शक्ती’ शिकवणारा तर हॉटेलचा हॉल भाड्याने घेऊन बोलतो, चहा-नाश्ता फीमध्ये. व्हॉट्सअॅपवरचे आजोबा हे सगळं आपल्याकडे आधीच होतं म्हणतात आणि खाली गुड मॉर्निंगचं फूल टाकतात.

आणि क्वांटम संगणक सगळी उत्तरं एकदम तपासतो, हे तर शाळेतलं पोरही सांगतं. टेक्ससचे प्राध्यापक स्कॉट आरोन्सन यांनी हे खोटं आहे, अशी पाटी वर्षानुवर्षं आपल्या ब्लॉगच्या माथ्यावर लावून ठेवली आहे. पुणेरी पाटीचं जे होतं तेच तिचं झालं : सगळ्यांनी कौतुकाने वाचली, गाडी तिथेच लावली.

अशा गावात ज्याला विषय खरोखर कळतो, तो गप्प बसून पाव भाजतो, यात मला तरी शहाणपणच दिसतं. त्याला निदान यीस्टबद्दल भलतंसलतं कुणी ऐकवत नाही. भाजू द्या त्याला. शुक्रवारच्या निबंधाचा पहिला परिच्छेद तेवढा वाचा. नाही कळला तर त्यालाच विचारा, तो आनंदाने सांगेल.

आणि काका, लॅपटॉप दुकानात न्या.