मानद कार्यवाह आणि नवी वेबसाइट

धर्मादाय संस्थेचे मानद कार्यवाह बहुधा बँकेतून नाहीतर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले असतात आणि सगळं गाव त्यांना अण्णा म्हणतं. खिशाला दोन पेनं, बगलेत फाइल आणि तोंडी एक वाक्य : "नवं काय ते घाला, पण जुनं काढू नका."

संस्थेची वेबसाइट नव्यानं करायची ठरली की या वाक्याला धार चढते. जुनी साइट कुणाच्या तरी भाच्यानं कॉलेजात असताना करून दिलेली. वर 'सुस्वागतम्' धावतंय, खाली भेट देणाऱ्यांचा आकडा. त्यातल्या निम्म्या भेटी अण्णांच्याच. साइट 'चालू आहे ना' हे ते रोज सकाळी चहाबरोबर बघतात. पासवर्ड भाच्याकडे आणि भाचा न्यू जर्सीत. रात्री जेवण उरकून अण्णा फोन लावतात, "काय रे, उजाडलं का तुमच्याकडे?"

मजकूर मागितला की पेन ड्राइव्ह येतो. त्यात रौप्यमहोत्सवापासूनचे सगळे अहवाल, श्रीलिपीत टाइप केलेले. साइटवर टाकले की संस्थेच्या ध्येयधोरणांच्या जागी नुसती चित्रविचित्र चिन्हं. आता युनिकोड लागतं, हे अण्णा शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, "त्यापेक्षा देणगीदारांना आपला फॉन्टच पाठवू या."

फोटो शेकड्यांनी, पण सगळ्यांत दीपप्रज्वलन नाहीतर शाल-श्रीफळ. साइट करणारी मुलगी म्हणते, "अण्णा, संस्थेच्या वसतिगृहातल्या मुलांचे फोटो द्या, लोकांच्या मनाला भिडतील." इथं मात्र अण्णा ताठ होतात. "पोरं उद्या नोकरीला लागतील. गरिबीचा फोटो मागं लागायला नको." ती मुलगी गप्प होते आणि भाकरी थापणाऱ्या हातांचा फोटो लावते.

मग पहिल्या पानाची वाटणी. आजी अध्यक्ष, माजी अध्यक्ष, आश्रयदाते, हितचिंतक... एक नाव राहिलं तर वार्षिक सभेत तासभर जातो. या गर्दीत देणगीचं बटण तळाशी ढकललं जातं. त्याच्या वर अण्णांच्या सूचना : दोन हजारांवर रोख दिल्यास प्राप्तिकरात 80जीची सवलत नाही, पॅन कळवावा, परकीय नागरिकांनी कृपया देणगी पाठवू नये. कारण परदेशी देणग्यांसाठी लागणारी एफसीआरए नोंदणी संस्थेकडे नाही. ती असती तर अशा पैशासाठी दिल्लीला स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं उघडावं लागलं असतं, हेही अण्णा न विचारता सांगतात. गंमत म्हणजे भाचा आता अमेरिकेचा नागरिक झालाय. त्यानं हौसेनं देऊ केलेली रक्कम अण्णांनी नाकारली. "पैसे राहू दे बाबा, पासवर्ड दे."

अखेर साइट होते. लॅपटॉपशेजारी समई लावून उद्घाटन होतं आणि त्या दीपप्रज्वलनाचा फोटो साइटवर पहिला झळकतो. त्यात सगळे आहेत, अण्णा सोडून. ते बाहेर चहाचे कप मोजत होते.

तुमच्या ओळखीत असे अण्णा असतील तर त्यांना साइट जरूर करून द्या. डोमेन संस्थेच्याच नावावर घ्या, पासवर्ड फाइलीत लावा आणि देणगीच्या बटणाशेजारी अण्णांचा फोन नंबर ठळक छापा. बटणापेक्षा तोच जास्त चालतो.