शेजारच्या खोलीतल्या शिकाऱ्यास

महाशय,

तुमचं नाव मला ठाऊक नाही, आणि ते शोधण्याची इच्छाही नाही. वेडंतांगलच्या तळ्याजवळच्या निवासात, जानेवारीतल्या एका शनिवारी, आमच्या शेजारच्या खोलीत तुम्ही मित्राचा वाढदिवस साजरा करायला उतरला होतात, एवढी ओळख या पत्राला पुरे. सकाळी गॅलरीतून तुमची मराठी कानावर आली, तेव्हा सांगलीहून आलेल्या माझ्या सासूबाई किती सुखावल्या होत्या! आपल्याकडचं माणूस भेटलं म्हणून तुमच्यासाठी दोन धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी त्यांनी बाजूला काढून ठेवली होती. ती तशीच डब्यात परत आली.

चेन्नईत राहून आम्हाला नऊ वर्षं झाली. पाच जणांनी एकत्र, घड्याळ न बघता घालवलेला असा दिवस या नऊ वर्षांत फार क्वचित मिळाला. चेंगलपट्टू मागे टाकलं, पाडाळमच्या फाट्यावर वळलो आणि गाडीतलं बोलणं आपोआप हळू झालं. दुपारी झाडाखाली सतरंजी अंथरली. सासरे पेपर तोंडावर घेऊन झोपले. मुलगी दुर्बीण घेऊन वहीत नोंदी करत बसली: पाणकावळा, रातबगळा, चमच्या. उघड्या चोचीचा करकोचा पाहून तिनं विचारलं, याची चोच मिटत का नाही? गोगलगायी धरायला ती फट उपयोगी पडते, हे सांगताना माझ्या लक्षात आलं की कित्येक महिन्यांत मी तिच्या एकाही प्रश्नाला निवांतपणे उत्तर दिलेलं नाही.

चारला आम्ही बांधावर गेलो. तळं जेमतेम तीस हेक्टरांचं. पण दिवसभर चाऱ्यासाठी पांगलेले पक्षी संध्याकाळी परतू लागले की पाण्यात उभ्या झाडांवर पान दिसत नाही. पेलिकन येत होते, चित्रबलाक येत होते. घरट्यांतली पिल्लं माना ताणून ओरडत होती. सासूबाई कठडा धरून उभ्या होत्या, एक शब्द बोलत नव्हत्या.

आणि तुमची फटाक्यांची माळ लागली. तिच्या पाठोपाठ आकाशात फुटणारे बाण.

पुढचं तुम्ही पाहिलं नाहीत, म्हणून सांगते. सगळं झाड एकदम उठलं. एकेक पक्षी नव्हे, सगळं झाड. घरट्यांवरचे आईबाप हवेत, पिल्लं उघडी, आणि कावळे आत शिरलेले. वसाहतीत घरटी करणाऱ्या पक्ष्यांचं हेच होतं: एका दणक्यानं सगळे उडतात आणि तेवढ्या वेळात अंडी-पिल्लं कावळ्या-घारींच्या तोंडी जातात. घाबरलेलं पिल्लू काठावरून घसरलं तर खाली पाणी असतं. मुलीनं दुर्बीण खाली घेतली आणि वही मिटली.

परत आल्यावर मी तुमच्या दारात आले. तुम्ही म्हणालात, “पाखरंच ती, घिरट्या मारून परत येतील.”

तुम्ही ज्या गावात फटाके लावलेत, त्या गावाबद्दल आता ऐका. तमिळमध्ये वेडन म्हणजे शिकारी. वेडंतांगल म्हणजे शिकाऱ्यांची वाडी. अठराव्या शतकात इथे लोक शिकारीला येत. ब्रिटिश शिपायांनी पक्षी टिपायला सुरुवात केली, तेव्हा याच गावचे शेतकरी चेंगलपट्टूच्या कलेक्टरकडे गेले आणि 1798 मध्ये लायोनेल प्लेसकडून त्यांनी लेखी कौल मिळवला, की या तळ्यावर पक्षी मारायचे नाहीत. कौल, आपल्या दप्तरांतला तोच शब्द. तो कागद हरवला, तर 1858 मध्ये त्यांनी दुसरा करून घेतला. त्यांना पक्षी का हवे होते? पक्ष्यांच्या विष्ठेनं तळ्याचं पाणी कसदार होतं आणि त्याच पाण्यावर खालची भातशेती पिकते. पक्ष्यांशी असलेला हा व्यवहार त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. 2022 मध्ये हे तळं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं, पण त्याच्या सव्वादोनशे वर्षं आधी गावानं ते राखायला घेतलं होतं. रामसर दर्जाच्या दोनच वर्षं आधी, 2020 मध्ये, अभयारण्याची हद्द कमी करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हाही तीव्र विरोध झाला.

या गावात दिवाळीला फटाके वाजवत नाहीत, महाशय. इथली मुलं दिवाळीत शांत राहतात, आणि तुम्ही चाळिशीचे असून एका वाढदिवसाला राहू शकला नाहीत.

कायद्याबद्दलही सांगते, कारण मी बोलले तेव्हा तुम्ही “आम्ही कुणाला मारलं का?” असं विचारलं होतंत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या वाचा. पक्ष्यांच्या बाबतीत अंड्यांची नासधूस करणं, अंडी किंवा घरटी विचलित करणं हेही तिथे शिकार म्हणूनच धरलं आहे. बंदूक असलीच पाहिजे, असं त्यात कुठेही नाही. शिपायांनी नेम धरून एकेक पक्षी मारला असेल. तुम्ही न बघता सगळं झाड उठवलंत.

रात्री निवासाचा रखवालदार तुमच्या फटाक्यांचा लाल कागद झाडत होता. तो याच गावचा. त्यानं तुम्हाला काही म्हटलं नाही, कारण तुम्ही पाहुणे होतात. मला मात्र त्याच्यासमोर उभं राहवेना, कारण आपण दोघं एकच भाषा बोलत होतो आणि ते त्याला कळलं होतं.

मी वनाधिकाऱ्यांकडे तक्रार करीनच. पण तुम्ही स्वतः एकदा तिथे जा. पुढच्या नोव्हेंबरात पक्षी यायला लागतील तेव्हा, रिकाम्या डिकीनं. त्या रखवालदाराला भेटा. तमिळ येत नसेल तर एक शब्द पाठ करून जा: मन्निच्चिडुंगा. माफ करा, असा त्याचा अर्थ आहे.